मावशीची प्रतिकारशक्ती कमी नव्हती

फुप्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला सापडला की पेशंटची फाईल आठवड्याआठवड्याला जाड होत जाते. पेट स्कॅन, बायॉप्सी, ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१. या मोठ्या नावांच्या कागदांवर घरच्यांच्या झोपा उडतात. त्याच फाईलमध्ये सगळ्यात स्वस्त कागद असतो सीबीसीचा, म्हणजे साध्या रक्ततपासणीचा. त्यात हिमोग्लोबिन किती ते पाहून पान उलटलं जातं. खाली न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट अशा दोन ओळी असतात, त्या सहसा कुणी वाचत नाही. मला मात्र त्या दोन ओळींनी बरंच काही सांगितलं, आणि ते माझ्या मावशीच्या घरात वर्षभर बोलल्या गेलेल्या एका वाक्याच्या नेमकं उलट होतं.

ते वाक्य असं: "हिची प्रतिकारशक्तीच कमी पडली." भेटायला येणारा प्रत्येक जण थोड्याफार फरकाने हेच म्हणायचा. कुणी काढ्याची पावडर आणायचं, कुणी आवळ्याचा रस, कुणी कॅप्सूलची बाटली. मावशीलाही ते पटलेलं होतं. "माझंच अंग कमी पडलं गं," ती म्हणायची, आणि तिच्या आवाजात अपराधी भाव असायचा. आयुष्यभर लालबागच्या चाळीत दहा माणसांचा स्वयंपाक ओढलेली, तंबाखूच काय, साधी मशेरीही कधी न लावलेली ही बाई स्वतःच्या आजाराचा दोष स्वतःच्या शरीराला देत होती. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातले रिपोर्ट माझ्याकडे येत. तिच्या सीबीसीत न्यूट्रोफिल ऐंशी टक्क्यांच्या वर होते आणि लिम्फोसाइट दहाच्या आत.

न्यूट्रोफिल म्हणजे जखम झाली, जंतू शिरले की सगळ्यात आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी. लिम्फोसाइटमध्ये टी-पेशी येतात. नेमका शत्रू ओळखून त्याला मारायला शिकलेल्या या पेशी कॅन्सरशी खऱ्या अर्थाने लढतात. निरोगी माणसात न्यूट्रोफिलचं लिम्फोसाइटशी प्रमाण साधारण एक ते तीनच्या दरम्यान असतं. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ते पाचच्या वर गेलं तर पुढचा काळ कठीण असण्याची शक्यता वाढते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अर्थात साधा न्यूमोनिया झाला तरी हा आकडा चढतो, स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही चढतो, म्हणून घरी बसून एकट्या रिपोर्टवरून कुणी निष्कर्ष काढू नये. पण महिन्यामागून महिने तो चढाच राहिला, तर त्याचा अर्थ शरीर झोपलेलं आहे असा होत नाही. शरीर भयंकर जागं आहे, अस्थिमज्जा दिवसरात्र पेशी बनवून पाठवते आहे, आणि तरीही ज्या पेशींनी लढायचं त्या मागे पडल्या आहेत.

हे कसं होतं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच लिहून ठेवली होती. बर्लिनमध्ये रुडॉल्फ विर्शो याला १८६३ साली गाठींच्या आत पांढऱ्या पेशी दिसल्या आणि त्याने दीर्घकाळच्या दाहाचा कॅन्सरशी संबंध असावा असा विचार मांडला. मग हा धागा बराच काळ बाजूला पडला. १९८६ मध्ये बोस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोराक यांनी एक लेख लिहिला, त्याचं शीर्षकच सांगत होतं की ट्यूमर म्हणजे न भरणारी जखम. कॅन्सरबद्दल मी आजवर जे काही वाचलं त्यात इतकं नेमकं आणि इतकं अस्वस्थ करणारं वर्णन मला दुसरं सापडलेलं नाही.

जखम झाली की काय होतं? पेशी रासायनिक निरोप सोडतात. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात आणि त्यांची नावं आयएल-१, आयएल-६, टीएनएफ अशी कोरडी असतात. निरोप पोहोचला की न्यूट्रोफिल येतात, मागोमाग मॅक्रोफेज, म्हणजे कचरा आणि जंतू गिळणाऱ्या पेशी येतात, घाण साफ होते. मग त्याच मॅक्रोफेज आपला स्वभाव बदलून दुरुस्तीला लागतात: नव्या रक्तवाहिन्या, नवी ऊती, खपली. शेवटी सगळं शांत होतं. ट्यूमर यातला दुरुस्तीचा भाग उचलतो आणि शेवटची शांतता येऊच देत नाही. त्याला रक्तवाहिन्या हव्या असतात, वाढीचे निरोप हवे असतात, ते मॅक्रोफेज पुरवतात. त्याच्या सततच्या हाकांमुळे अस्थिमज्जेतून अर्धवट वाढलेल्या पेशीही बाहेर पडतात. त्यांचं एक काम असतं टी-पेशींना दाबून ठेवणं, म्हणजे जखम भरत असताना शरीर स्वतःलाच इजा करणार नाही. एरवी ही किती शहाणी व्यवस्था आहे! इथे तीच व्यवस्था गाठीभोवती तटबंदी उभी करते.

मावशीच्या गाठीत ईजीएफआरचं म्युटेशन निघालं, म्हणजे पेशीला वाढीचा निरोप देणाऱ्या जनुकातली चूक. कधीही धूम्रपान न केलेल्या आशियाई स्त्रियांमध्ये ते बऱ्याचदा निघतं. "मग मला का झालं?" या तिच्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं, आणि एका माणसापुरतं ते आजही देता येत नाही. पण २०२३ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वाँटन यांच्या गटाने 'नेचर'मध्ये जे छापलं, ते वाचताना मला चाळीतली कोळशाची शेगडी, नंतरचा रॉकेलचा स्टोव्ह आणि खाली रस्त्यावरची ट्रकची रांग हे सगळं दिसत होतं. त्यांनी निरोगी फुप्फुसांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे १८ टक्के नमुन्यांमध्ये ईजीएफआरचं म्युटेशन आधीच होतं. कॅन्सर नव्हता, फक्त म्युटेशन होतं. वय वाढतं तशा अशा चुका पेशींमध्ये साठत जातात आणि बहुतेक आयुष्यभर गप्प पडून राहतात. मग हवेतले पीएम २.५चे कण, आपल्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक, फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. मॅक्रोफेज त्यांना गिळतात आणि आयएल-१ बीटा नावाचा निरोप सोडतात. तो निरोप ऐकून ती गप्प पडलेली पेशी वाढीला लागते. उंदरांमध्ये हा एकच निरोप अँटिबॉडीने अडवला, तेव्हा हे कण फुप्फुसात सोडलेल्या उंदरांना गाठी कमी झाल्या.

म्हणजे धूर दर वेळी नवीन म्युटेशन घडवतोच असं नाही. तो दाह घडवतो आणि दाह झोपलेल्या चुकीला जागं करतो. आपल्या देशात पीएम २.५ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५ आहे. या दोन आकड्यांमधल्या हवेत आपण सगळे श्वास घेतो आणि कॅन्सर झाला की त्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणतो, याचा मला फार राग येतो.

आयएल-१ बीटाची गोष्ट इथे संपत नाही. २०१७ साली कँटोस नावाच्या चाचणीचे निकाल आले. ती हृदयरोगाची चाचणी होती. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि रक्तात सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारं प्रथिन, वाढलेला असे दहा हजारांवर लोक, आणि त्यांना दर तीन महिन्यांनी कॅनाकिन्युमॅब हे आयएल-१ बीटा अडवणारं इंजेक्शन. बोस्टनचे पॉल रिडकर पाहत होते हृदयाकडे, पण आकडे मांडताना फुप्फुसाच्या कॅन्सरकडे लक्ष गेलं. सगळ्यात जास्त डोस मिळालेल्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा ७७ टक्क्यांनी कमी होते. कॅन्सरच्या क्षेत्रात खळबळ उडाली. मग तेच औषध प्रत्यक्ष फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं: पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमो आणि इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या स्वतःच्या पेशींना लढायला मोकळं करणाऱ्या उपचाराच्या) जोडीला, दुसऱ्या टप्प्यावर डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या जोडीला, आणि ऑपरेशननंतर. २०२१ आणि २०२२ मध्ये तिन्ही चाचण्या अपयशी ठरल्या.

या अपयशाकडे मी बरेचदा परत जाते. कँटोसमधल्या लोकांचा कॅन्सर अजून उगवायचा होता किंवा फार लहान होता. त्या टप्प्यावर एक निरोप अडवणं पुरलं असावं. गाठ मोठी होऊन पसरली की निरोपांचं जाळं इतकं दाट झालेलं असतं की एक वाट बंद केली तर दुसरी चालू राहते. माझ्या मते दाह शमवणं चांगलं की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता निरोप, कोणाचा, आणि आजाराच्या कोणत्या वेळी, हे धरून विचारलं तरच त्याला उत्तर मिळतं.

इम्युनोथेरपीतही हेच दिसतं. टी-पेशींच्या अंगावर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. क्योटोच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत तो १९९२ मध्ये सापडला आणि २०१८ चं नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळालं. टी-पेशी गाठीवर हल्ला करते तेव्हा इंटरफेरॉन गॅमा सोडते. तो निरोप ट्यूमरही ऐकतो आणि उत्तरादाखल आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ चढवतो, जो थेट त्या ब्रेकवर जाऊन बसतो. हल्ल्याचा आवाजच बचावाला उठवतो. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधं ब्रेकवरचा हा हात काढून टाकतात. ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ पन्नास टक्के किंवा जास्त होता अशा रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत हे औषध घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी ३१.९ टक्के लोक हयात होते. त्याऐवजी सुरुवातीला केमो दिलेल्यांमध्ये १६.३ टक्के. चौथ्या स्टेजसाठी हे आकडे माझ्या विद्यार्थिदशेत कुणी स्वप्नातही लिहिले नसते.

पण उरलेल्यांचं काय? एक उत्तर २०२४ च्या जूनमध्ये 'सायन्स'मध्ये आलं. ते समजावताना माझ्यासमोर मावशीच्या लहानपणीचा गिरणीचा भोंगा येतो. पाळी बदलायची वेळ झाली की भोंगा व्हायचा आणि सगळं लालबाग-परळ हलायचं. तोच भोंगा दिवसरात्र न थांबता वाजत राहिला असता तर कुणीच कामाला उठलं नसतं. टी-पेशींचं असंच होतं. इंटरफेरॉनचा निरोप थोडा वेळ आला तर त्या पेटून उठतात. महिनोन्महिने येत राहिला तर थकतात, मारण्याची ताकद हरवून नुसत्या उभ्या राहतात. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या अँडी मिन यांच्या गटाने म्हणून उलटाच वाटणारा प्रयोग केला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना आधी सहा आठवडे पेम्ब्रोलिझुमॅब दिलं, आणि मग त्याच्या जोडीला सहा आठवडे इटासिटिनिब. ही गोळी पेशीच्या आत निरोप पुढे नेणारा 'जॅक' नावाचा दुवा अडवते, म्हणजे दाह कमी करते. रोगप्रतिकार वाढवायच्या उपचारात रोगप्रतिकार शांत करणारी गोळी! २१ रुग्णांपैकी ६७ टक्क्यांमध्ये गाठी आक्रसल्या. ज्यांच्या रक्तातला दाह मुळातच फार तीव्र होता आणि गोळीनेही खाली आला नाही, त्यांना फायदा झाला नाही. चाचणी लहान आहे, तुलनेचा गट नव्हता, हे लक्षात ठेवूनच मी ती सांगते आहे. पण ती वाचून मला मावशीच्या त्या दोन ओळींचा अर्थ पहिल्यांदा नीट लागला.

मावसभाऊ डॉक्टरांना विचारायचा, "ते इम्युनोथेरपीचं इंजेक्शन आईला द्या ना, आम्ही पैशांचं बघतो." डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की ईजीएफआर म्युटेशनच्या गाठींमध्ये ते सहसा चालत नाही. अशा गाठींत टी-पेशींना ओळखू येतील अशा खुणा कमी असतात, आणि ईजीएफआरच्या गोळ्यांसोबत दिलं तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. ब्रेक काढलेल्या टी-पेशी कधी थायरॉइडवर, कधी आतड्यावर, कधी निरोगी फुप्फुसावरच चाल करून जातात, आणि मग त्यांना आवरायला स्टेरॉइड द्यावी लागतात. भाऊ गप्प झाला. घर विकायची त्याची तयारी होती. असे कितीतरी मुलगे आणि मुली ओपीडीच्या बाकांवर बसलेल्या असतात.

पैशांची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगायला हवं. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोकं-मान कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी केली. त्यात निवोलुमॅब या पेम्ब्रोलिझुमॅबसारख्याच औषधाचा डोस होता दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. स्वस्त गोळ्यांच्या केमोला त्याची जोड दिली आणि एक वर्षाने हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. फुप्फुसाच्या कॅन्सरला हे आकडे तसेच लावता येत नाहीत. पण ब्रेक मोकळा करायला औषध किती लागतं, हा प्रश्न गरीब देशातल्या डॉक्टरांनी विचारला आणि उत्तर मिळवून दाखवलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. मावशी जेवेनाशी झाली.

ईजीएफआरच्या गोळ्यांनी काही काळ छान साथ दिली, मग गाठी पुन्हा वाढल्या. त्यानंतर प्रत्येक जेवण ही घरातली लढाई झाली. "दोन घास खा," "मनावर घे," "खाल्लं नाहीस तर ताकद कशी येणार?" काका ताट घेऊन बसून राहायचे. हिमोग्लोबिन उतरलं म्हणून बीट, डाळिंब, खजूर, नाचणीची पेज, एकामागून एक येत राहिलं. आकडा काही हलेना. सगळ्यांना वाटायचं तिने धीर सोडला. तिच्या मनात नाही म्हणून घास उतरत नाही.

मनाचा यात संबंध फार थोडा होता. न भरणाऱ्या जखमेतून सुटलेला आयएल-६ यकृतात पोहोचतो. यकृत नेहमीची कामं मागे ठेवून दाहाची प्रथिनं बनवायला लागतं. सीआरपी चढतो, अल्ब्युमिन हे रक्तातलं नेहमीचं प्रथिन उतरतं. ग्लासगोच्या डोनाल्ड मॅकमिलन यांच्या गटाने या दोनच तपासण्यांवरून रुग्णाच्या अवस्थेचा अंदाज बांधायची पद्धत बसवली आहे. तोच आयएल-६ यकृताकडून हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडवतो, आणि ते शरीरातलं लोह साठ्यांमध्ये कोंडून ठेवतं. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराने केलेली ही जुनी तजवीज आहे. बीट आणि खजूर कितीही खाल्ले तरी कोंडलेलं लोह रक्त बनवायला मिळत नाही. स्नायूंमध्ये हेच निरोप प्रथिनं मोडायला लावतात. म्हणून मांड्या आणि दंड आधी ओसरतात, आणि नुसतं जास्त खाऊ घालून हे ओसरणं पूर्ण भरून येत नाही. जीडीएफ-१५ नावाचा आणखी एक निरोप मेंदूच्या तळाशी पोहोचतो आणि तिथे अन्नाची शिसारी निर्माण करतो. कॅन्सरच्या या खंगण्याला डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात. ताटापुढे बसलेली मावशी हट्ट करत नव्हती. आमटीच्या वासाने तिच्या मेंदूत खरोखरच धोक्याची सूचना जात होती.

हे मी काकांना समजावलं त्या संध्याकाळी ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ती मुद्दाम करत नाही." त्यांनी ताट घेऊन बसणं थांबवलं. मावशीला हवं तेव्हा, हवं तेवढं, बहुतेक वेळा थंड ताक किंवा दहीभात, एवढंच ठरलं. घरातला ताण जो उतरला त्याला कोणत्याही औषधाची तोड नव्हती.

औषधंही येत आहेत. जीडीएफ-१५ अडवणाऱ्या पॉनसेग्रोमॅबची चाचणी २०२४ मध्ये छापून आली. त्यात फुप्फुस, स्वादुपिंड आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे १८७ रुग्ण होते, आणि सगळ्यात मोठ्या डोसवर बारा आठवड्यांत वजनात सुमारे २.८ किलोचा फरक पडला. ते आपल्यापर्यंत कधी आणि कोणत्या किमतीला पोहोचेल, कोण जाणे. पण पुदुच्चेरीच्या जिपमेर रुग्णालयात झालेली एक चाचणी मला त्याहून जवळची वाटते. ओलान्झापिन हे जुनं, मानसिक आजारांवरचं औषध. त्याची फक्त अडीच मिलिग्रॅमची रोजची गोळी त्यांनी पसरलेल्या पोटाच्या, यकृत-स्वादुपिंडाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना केमोसोबत बारा आठवडे दिली. १२४ रुग्णांच्या या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं. नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ९ टक्के होतं. ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते, पण तिने झोप येते, साखर वाढू शकते, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यायची.

मावशीला ती मिळाली, पण उशिरा, पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर. त्या विभागाचं नाव काढलं की आपल्याकडे घरचे दचकतात, आता काही उरलं नाही असं समजतात. बोस्टनमध्ये २०१० साली पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदानानंतर लगेचच पॅलिएटिव्ह डॉक्टरांशी जोडून दिलं होतं, नेहमीच्या उपचारांच्या बरोबरीने. त्यांचं जगणं जास्त सुसह्य झालं, आणि ते सरासरी ११.६ महिने जगले, इतर ८.९ महिने. तेव्हा पहिल्या ओपीडीतच केमोच्या तारखांबरोबर या डॉक्टरांची तारीख मागा, सीआरपी आणि अल्ब्युमिन किती आहे विचारा, वजनाची नोंद ठेवा, आणि जेवण जात नाही ही तक्रार खोकल्याइतक्याच ठामपणे सांगा.